शेरा : जैसे थे

कुसुमकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये होते. शुक्रवार होता, दुपारचे तीन वाजत आले होते, आणि मी फ्रँकफर्टहून काकूंच्याच गावाकडे निघाले होते. हॉस्पिटलमध्ये नव्हे, त्यांच्या चर्चमध्ये. फोनवरची नर्स हळू आवाजात एकेक शब्द सुटा करून बोलत होती... मला जर्मन कळतं हे तिला कोणी सांगितलं नसावं. मी नुसतीच "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत राहिले. हॉस्पिटल त्याच मार्गावर, दोन स्टेशनं अलीकडे. तिथे उतरायला हवं होतं. दार उघडलं, बंद झालं, आणि मी बसूनच राहिले. पुढे जाऊन चर्चचं कुलूप काढलं, फरशीवर गुडघे टेकून माप घेतलं, वहीत लिहिलं, आणि मग उलटी गाडी पकडून काकूंकडे गेले. हे वाचून मी कोणाला दगड वाटले तर वाटू दे. "मी कुठं पळून चालले होते? शुक्रवारचं माप शुक्रवारीच घ्यायचं," हे काकूंनी मला त्या अवस्थेतही ऐकवलं असतं.

त्यांचं चर्च असं मी म्हणते खरी, पण काकूंच्या घरात खंडोबाचा टाक होता आणि चर्चमध्ये त्यांनी कधी गुडघे टेकले असतील तर ते माप घेण्यापुरतेच. चर्च होतं इंग्रजांचं. टाउनुसच्या डोंगराच्या पायथ्याशी औषधी पाण्याच्या झऱ्यांचं हे गाव. एके काळी ते पाणी प्यायला श्रीमंत इंग्रज इथे यायचे आणि महिनोन् महिने मुक्काम ठोकायचे. मग रविवारी जायचं कुठे, म्हणून त्यांनी वर्गणी काढली आणि इंग्लंडमधल्या खेड्यात असतं तसं चर्च इथे उभं केलं. दगड इथलाच, डोंगरातला करडा, पण नकाशा पूर्ण तिकडचा. टोकदार, चिंचोळ्या खिडक्या, तीन-तीनच्या गटाने. दक्षिणेला छोटी देवडी आणि तिच्यात समोरासमोर दोन दगडी बाक. मनोरा नाहीच, पश्चिमेच्या भिंतीच्या शेंड्यावर एका घंटेपुरती कमान. पुढे महायुद्ध आलं, इंग्रज गाशा गुंडाळून गेले ते परत आलेच नाहीत. चर्चमध्ये काही वर्षं गवताच्या गंज्या होत्या, काही वर्षं मोडकं फर्निचर. शेवटी ते नगरपालिकेकडे आलं. आता तिथे कधी गाण्याचे कार्यक्रम होतात, कधी चित्रांची प्रदर्शनं, आणि चावी असायची मागच्या गल्लीत राहणाऱ्या फ्राऊ देवकरांकडे, म्हणजे कुसुमकाकूंकडे.

काकू साताऱ्याजवळच्या कोरेगावच्या. वडील सुतार. लाकडाच्या टोकाला तासून जो भाग दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसवतात त्याला सुतार कुसू म्हणतात, आणि वडिलांनी मुलीचं नाव कुसुम ठेवून तिला आयुष्यभर कुसू म्हणूनच हाक मारली. लग्न होऊन त्या जर्मनीत आल्या, काका कारखान्यात इंजिनिअर. काकूंनी इथे येऊन नकाशे काढायचं शिक्षण घेतलं आणि एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तीस वर्षं घरांचे नकाशे काढले. मूलबाळ नाही, काका लवकर गेले. मी पुण्याहून फ्रँकफर्टला नोकरीसाठी आले तेव्हा काकूंच्या माडीवरची खोली मला भाड्याने मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आनमेल्डुंगचे, म्हणजे पत्ता नोंदवायचे कागद, केराचे चार डबे आणि घरातले नियम एका दमात समजावले आणि वर म्हणाल्या, "आल्झो, तर मग अनघा, इथं रडायचं असलं तर रविवारी रड. बाकी दिवस ऑफिसं उघडी असतात." पुढे मी लग्न करून फ्रँकफर्टला राहायला गेले, पण शुक्रवार काकूंचाच राहिला.

चर्चमध्ये त्यांनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा दारातच मी आपल्या अकलेचे तारे तोडले. भिंतीवर इमारतीचा जुना नकाशा लावलेला होता आणि पुढच्या, वेदीच्या भागावर रोमन अक्षरांत लिहिलं होतं ते मी सरळ मोठ्याने वाचलं, "चोर". म्हटलं, काकू, चर्चमध्ये चोरांना वेगळी खोली? काकू त्या दगडी बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं कोर, कोर! गाणाऱ्यांची जागा. आपण आपल्याच अक्षरांनी जग वाचतो बघ." मग त्यांनी मला वर बघायला लावलं. मी तोवर खिडक्यांच्या रंगीत काचा बघत होते, आणि काकूंच्या मते काचा बघणारी माणसं लग्नात जाऊन फक्त आइस्क्रीम खाणाऱ्यांपैकी असतात. वर छत होतं. काळंभोर ओक लाकूड, दहा कैच्या एकामागोमाग एक. आपल्याकडे छताच्या कुठल्याही सांगाड्याला कैची म्हणतात, पण ही शब्दशः कैचीच होती: दोन तिरकी लाकडं एकमेकांना छेदून जाणारी, खालून आडवी तुळई नाहीच. त्यामुळे आतली जागा उंच, मोकळी. "पण अशा छताला पाय फाकायची सवय असते," काकू म्हणाल्या. "भिंतींना बाहेर ढकलतं. म्हणून तर बाहेरून ते दगडी टेकू दिलेत." मग शिडी लावून त्यांनी मला त्यांचं सगळ्यात आवडतं ठिकाण दाखवलं. प्रत्येक सांध्याजवळ पटाशीने रोमन आकडा कोरलेला होता. लाकडं जमिनीवर जुळवायची, आकडे टाकायचे, सुटी करायची आणि वर नेऊन तशीच्या तशी जोडायची. काकूंचे वडीलही असेच आकडे टाकायचे, फक्त मराठीत. आणि त्या इंग्रज सुताराच्या माणसांनी एक घोळ घातला होता. रोमन चार उलट्या बाजूने पाहिला की सहा दिसतो. चौथ्या आणि सहाव्या कैचीचा एकेक पाय अदलाबदल होऊन बसला, सांध्यात बोटभर फट राहिली. कोणीतरी तिथे ओकाची पाचर ठोकली, आणि ती फट तेव्हापासून गप्प आहे. काकू त्या पाचरीवरून असा हात फिरवायच्या की जणू ती त्यांच्या माहेरची.

एका गणपतीत कोणीतरी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, इंग्रजांनी आपल्याला एवढं लुटलं आणि तुम्ही त्यांचं चर्च सांभाळताय?" लोक हसले. काकू नाही हसल्या. म्हणाल्या, "ज्यांनी लुटलं ते पाणी पिऊन गेले. छत ज्यानं केलं त्यानं माझं काय लुटलं? तो वर चढला, घाम गाळला, चुकला, पाचर मारली. तो माझ्या बापाच्या जातकुळीतला." नंतर मोदक वाढताना त्या विचारणाऱ्या गृहस्थांना एकच मोदक मिळाला, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

खरी लढाई सुरू झाली ती नगरपालिकेच्या बांधकाम खात्यातले हेर, म्हणजे श्रीयुत, क्रामर एका सकाळी अहवाल घेऊन आले तेव्हा. छत दक्षिणेची भिंत बाहेर ढकलतंय, दोन कैच्यांचे पाय सडलेत, छत धोकादायक आहे. ते उतरवून लोखंडी सांगाडा आणि काच बसवावी, खाली कॅफे काढावा. क्रामर वाईट माणूस नव्हे. नीटनेटका, वेळेवर येणारा, पेन्सिलीला टोक असलेला. काकूंनी त्याला एवढंच विचारलं, भिंत कलली आहे हे मलाही दिसतं, चार बोटं कलली आहे. पण ती अजून कलतेय, की पहिल्या वर्षीच कलून थांबली? माप एकदाच घेतलंय, क्रामरने सांगितलं. "गेनाऊ, बरोब्बर," काकू म्हणाल्या. "आजारी माणसाचा ताप एकदा बघून त्याला जाळायला नेत नाहीत." पाय सडले होते हे त्यांना मान्य होतं, पण ते वरची पन्हळ पाचोळ्याने तुंबली म्हणून. रोग पन्हळीत आहे, छतात नाही, हे वाक्य मी पुढची दोन वर्षं ऐकलं.

त्याच दिवशी काकूंनी ट्रंकेतून वडिलांचा ओळंबा काढला. पितळेचा, भोवऱ्याच्या आकाराचा, मुठीत मावणारा. परदेशी निघालेल्या मुलीच्या सामानात वडिलांनी तो टाकला होता आणि म्हणाले होते, तिथल्या भिंती तरी सरळ असतात का बघ. दक्षिणेच्या भिंतीच्या माथ्यावर काकूंनी आत येणारी एक लाकडी पट्टी ठोकून घेतली, तिच्या टोकाला दोरीने ओळंबा सोडला, आणि त्याचं टोक जिथे आलं तिथे फरशीवर पितळी पत्रा चिकटवून त्यावर फुली कोरली. भिंत हलली की टोक फुलीवरून सरकणार. दर शुक्रवारी देवडीचं बाहेरचं दार लावून घ्यायचं, दोरी स्थिर होईस्तोवर देवडीतल्या बाकावर दहा मिनिटं गप्प बसायचं, मग वाकून बघायचं. वहीत तीन रकाने: तारीख, माप, शेरा. माप कधी शून्य, कधी एक मिलिमीटर; उन्हाळ्यात एक, थंडीत शून्य, परत एक. आणि शेऱ्याच्या रकान्यात दर वेळी तेच: जैसे थे. एका शुक्रवारी मी त्यांच्याकडे गेले ती नोकरीवरून काढल्याचं पत्र पर्समध्ये घेऊन. घरी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. काकूंनी वही माझ्याकडे सरकवली, शेरा लिही म्हणाल्या. मी उसळून म्हटलं, "कसलं जैसे थे, काकू! माझं काहीच जैसे थे नाहीये." त्यांनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं, म्हणाल्या, "यावर उद्या बसू. पण शेरा भिंतीचा लिहायचा असतो, आपला नाही." मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या सकाळी आठला माझ्या दारात हजर होत्या, सगळे फॉर्म घेऊन.

आता माझी चूक सांगते. ही सांगायलाच मी हा लेख लिहायला बसले आहे. नगरपालिकेची सभा ठरली आणि क्रामरने काकूंच्या नोंदींची प्रत मागितली. काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यांनी ते काम माझ्यावर सोपवलं. मी नव्या ऑफिसच्या गडबडीत. वहीतल्या मराठी तारखा जर्मन माणसाला कळणार नाहीत एवढं माझ्या लक्षात आलं, म्हणून त्या रकान्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून मी जर्मन पद्धतीने तारखा लिहिल्या, वर जर्मन मथळे दिले, शेऱ्याचा रकाना झाकला, पानं स्कॅन केली आणि पाठवून दिली. मापांच्या रकान्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांना तिथे एक दिसत होता.

सभेत क्रामरने पडद्यावर आलेख दाखवला. करवतीच्या दातांसारखा, वर-खाली. "फ्राऊ देवकर यांच्या स्वतःच्या नोंदींप्रमाणे," तो म्हणाला, "भिंत नऊ मिलिमीटरपर्यंत हलते. शून्यावरून नऊ, नऊवरून शून्य." सभागृहात कुजबुज झाली. आणि त्या क्षणी मला काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही: मला वाटलं, काकूंना दिसत नव्हतं. मोतीबिंदू होता, त्या चुकीचं वाचत होत्या, चुकीचं लिहीत होत्या, आणि मी दर शुक्रवारी शेजारी बसून स्वतः वाकून कधी बघितलंच नाही. क्रामरवर माझा विश्वास बसला, काकूंवर नाही... इतक्या वर्षांनंतर, एका आलेखापुढे. तेवढ्यात शेजारी काकू हसायला लागल्या. बाकावर बसून हसल्या होत्या तशाच, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "अगं अनघा, त्यानं एकाचा नऊ केला!" त्या काठी टेकत पुढे गेल्या, फळ्यावर भलामोठा १ काढला आणि जर्मनमध्ये म्हणाल्या, हा आमचा एक आहे. तुमच्या नऊसारखा दिसतो, त्यात त्याचा दोष नाही. शेजारी त्यांनी जर्मन लोक काढतात तसा एक काढला, लांब शेंडीवाला. "आणि तुमचा हा एक मला पहिलं वर्षभर टोपी घातलेला सात वाटायचा. पण मी त्यावरून कोणाचं छत नाही उतरवलं." सभागृह हसलं. क्रामर लाल झाला, पण हटला नाही. म्हणाला, असं असेल तर या आकड्यांचं शपथेवर केलेलं भाषांतर जोडावं लागेल. मग तर सगळेच हसले, तोही.

ठरलं ते असं: आणखी एक पूर्ण वर्ष मोजायचं, सगळ्यांना वाचता येईल अशा आकड्यांत, आणि सोबत नगरपालिकेचं लेसरचं यंत्र. तोवर निर्णय नाही. काकू तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या होत्या, आणि हृदयाचं दुखणं निघालेलं होतं. "लावा तुमचं लेसर," त्या म्हणाल्या. "माझा ओळंबा पण राहील." बाहेर आल्यावर मला रडू आवरेना. चूक माझी, वर त्यांच्याबद्दल मनात आलेली शंका, ती सांगण्याचीही हिंमत होईना, शेवटी सांगितली. काकू मला सरळ चर्चमध्ये घेऊन गेल्या, चौथ्या कैचीखाली उभं केलं आणि काठीने वरची ती पाचर दाखवली. "तू नाही का चोर वाचलंस? त्यानं नऊ वाचला. यांनी चाराचा सहा वाचला. चुकलं की पाचर मारायची अन् पुढं जायचं. पुढच्या शुक्रवारी तू वाक. मी बाकावर बसते."

तेव्हापासून मी वाकायला लागले. वहीत माप दोनदा लिहायचं ठरलं, आधी मराठीत, मग जर्मनमध्ये. आधी-नंतरच्या या क्रमावरही क्रामरने काही म्हणून पाहिलं, काकूंनी ऐकून घेतलं नाही. उन्हाळा गेला, पानगळ गेली, थंडीत काकूंना बाकावर बसवेना तेव्हा मी एकटी जायला लागले आणि फोनवर आकडा सांगायला लागले. शेवटची भेट झाली ती हॉस्पिटलमध्ये, बुधवारी. नाकात नळी, आवाज अगदी बारीक. मी जवळ वाकले तर विचारलं, "किती?"

"एक, काकू."

"मराठी की जर्मन?"

"मराठी."

"मग ठीक," म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. त्या शांतपणे गेल्या वगैरे मी लिहिणार नाही. त्यांना जायचं नव्हतं. वर्ष पुरं व्हायला सात शुक्रवार बाकी होते, दोन दिवसांनी येणारा धरून, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अपुरं काम टाकून जाण्यातला शहाणपणा मला कोणी सांगू नये. मला अजून राग आहे.

त्या शुक्रवारी, फोननंतर, मी गुडघे टेकले तेव्हा ओळंबा फुलीच्या जरासा बाजूला होता. मी १ लिहिला, शेजारी 1 लिहिला. शेरा लिहायला पेन टेकवलं आणि मला ते दोन शब्द लिहिता येईनात. बाक रिकामा होता... कसलं जैसे थे? रकाना मोकळा सोडला. पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्याही. माप भरत गेले, शेरा नाही.

गेल्या शुक्रवारी वर्ष पुरं झालं. क्रामर स्वतः आला, यंत्राचे कागद घेऊन. दार लावून घेतलं तर तोही काही न विचारता बाकावर बसला, दहा मिनिटं, टोपी मांडीवर ठेवून. काकूंच्या जागेवर नाही, समोर. मग दोघांनी आकडे पडताळले. लेसरची रेघ सपाट, आमची सपाट. तो म्हणाला, छत उतरवण्याचा प्रस्ताव आम्ही मागे घेतोय. दोन पाय दुरुस्त करू आणि पन्हळ बदलू. पन्हळ! दोन वर्षं आणि एक माणूस खर्ची घालून नगरपालिका पन्हळीपर्यंत पोचली. मी त्याला तसं म्हटलंसुद्धा. त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, आता हे खाली काढायला हरकत नाही, आणि ओळंब्याकडे बोट केलं. मी नाही म्हटलं. म्हणाला, नियमाप्रमाणे मोजणी संपल्यावर... मी म्हटलं, हेर क्रामर, मोजणी तुमची संपली.

तो वहीवर वाकला. त्याचं बोट मराठी रकान्यावरून खाली खाली गेलं. "आइन्स," तो म्हणाला. "आइन्स. नुल. आइन्स." एक, एक, शून्य, एक. एकही आकडा चुकला नाही. मग बोट शेऱ्याच्या रकान्यावर आलं आणि थांबलं. आधी प्रत्येक ओळीत काहीतरी लिहिलंय, त्याने विचारलं, आणि या शेवटच्या सातांत काहीच का नाही?

मी वर पाहिलं. दहाच्या दहा कैच्या, चौथीत पाचर. दक्षिणेची भिंत, चार बोटं कललेली, पहिल्या वर्षीच कलून थांबलेली. शेरा भिंतीचा लिहायचा असतो, आपला नाही. पेन घेतलं आणि काकू गेल्या त्या शुक्रवारापासून एकेक ओळ भरत खाली आले. जैसे थे. जैसे थे. सात वेळा.